मसाई मारा, सेरेंगेटी आणि अंबोसेली: वन्यजीव छायाचित्रण सफारीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेरा घेऊन पहिल्यांदाच पूर्व आफ्रिकेत जाणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. नुसते प्राणी पाहणे आणि त्यांचे छायाचित्रण करणे या दोन उद्देशांनी आखलेल्या सहली वेगळ्या असतात. येथील सल्ला छायाचित्रकारांसाठी आहे आणि त्यात सर्वांत जास्त भर एकाच गोष्टीवर आहे: ठिकाणे कमी करा आणि प्रत्येक ठिकाणी जास्त थांबा.

आफ्रिकेत एवढी राष्ट्रीय उद्याने असताना केनिया आणि टांझानियाच का?

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे आणि प्रवास साधारण सहा तासांचा आहे, हे व्यावहारिक कारण झाले. खरे कारण मोकळ्या गवताळ प्रदेशाचे आहे. केनियातील मसाई मारा हे सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र आणि टांझानियातील सेरेंगेटी हे सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान एकमेकांना लागून आहेत. मध्ये कुंपण नसल्यामुळे प्राणी सीमा ओलांडून मोकळेपणाने ये-जा करतात. ताडोबात किंवा पेंचमध्ये आपण वानराच्या किंवा चितळाच्या इशाऱ्यावर कान लावून वाघाची वाट पाहतो आणि तो दिसला तरी बहुधा बांबूच्या आडून दिसतो. येथे मैलभर अंतरावरचा चित्ता दुर्बिणीतून दिसतो आणि त्याच्या हालचालींचा अंदाज घेत गाडी कुठे उभी करायची याचा विचार करायला वेळ मिळतो. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर, नामिबियातील इटोशा आणि बोत्सवानातील ओकावांगो हेही उत्तम पर्याय आहेत. पण क्रूगरमध्ये झाडी दाट आहे आणि ओकावांगोचा खर्च बराच जास्त आहे. त्यामुळे पहिल्या सहलीसाठी आमची पसंती पूर्व आफ्रिकेलाच राहील.

दहा-बारा दिवसांत किती उद्याने करावीत?

दोन, फार तर तीन. मारा, नाकुरू, अंबोसेली, सेरेंगेटी, न्गोरोंगोरो आणि तारांगिरे ही सहाही नावे एकाच सहलीत बसवणारे कार्यक्रम पत्रके सर्रास छापली जातात. त्यांतला अर्धा वेळ खड्ड्यांच्या रस्त्यावर जातो, आणि तोही बऱ्याचदा सकाळ-संध्याकाळच्या चांगल्या उजेडाचा. पहिल्या दिवशी सिंहांचा कळप कुठे आहे ते कळते, दुसऱ्या दिवशी त्यांच्या सवयी कळतात आणि तिसऱ्या दिवशी तो कळप योग्य उजेडात, योग्य बाजूने मिळतो. एकाच रात्रीचा मुक्काम असेल तर पहिल्या दिवसाच्या पलीकडे जाताच येत नाही.

नकाशावर मारा आणि सेरेंगेटी शेजारी दिसतात, म्हणून अनेक जण एका उद्यानातून थेट दुसऱ्यात जाण्याची योजना करतात. ती चालत नाही. पर्यटकांना दोन्ही उद्यानांमधून सीमा ओलांडता येत नाही. इसेबानिया किंवा नामांगा येथील सीमा चौकीवरून वळसा घालून जावे लागते आणि सहसा तेथे गाडी व चालकही बदलतो. म्हणूनच पहिल्या सहलीत एकच देश निवडावा. केनिया निवडल्यास मारात पाच-सहा आणि अंबोसेलीत तीन रात्री असा बेत चांगला जमतो.

कोणत्या महिन्यात जावे?

तुम्हाला काय टिपायचे आहे यावर ते अवलंबून आहे. सुमारे तेरा लाख विल्डबीस्ट (गवत खाणारे, शिंगांचे मोठे कुरंग) आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे व गॅझेल (छोटे कुरंग) वर्षभर पावसाच्या आणि हिरव्या गवताच्या मागे फिरत असतात. स्थलांतराला ठरलेली सुरुवात किंवा शेवट नसतो. जानेवारी ते मार्च या काळात कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतूच्या आसपास असतात. ज्वालामुखीच्या राखेतून तयार झालेल्या तेथील जमिनीत खनिजे भरपूर असल्याने आखूड गवत पौष्टिक असते आणि फेब्रुवारीच्या सुमारास काही आठवड्यांतच बहुतेक वासरे जन्माला येतात. वासरू काही मिनिटांत उभे राहते, कारण तरस आणि चित्ते जवळच असतात. शिकारीचे प्रसंग टिपायचे असतील तर हा काळ कळपांच्या मारा नदी ओलांडण्याच्या हंगामापेक्षा सरस आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गर्दीही तुलनेने कमी असते.

मे-जूनमध्ये कळप पश्चिमेकडे ग्रुमेती नदीच्या दिशेने सरकतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात मारा नदीच्या दोन्ही काठांवर असतात. एप्रिल-मे हे मोठ्या पावसाचे महिने आहेत. त्या वेळी दर उतरतात, आकाश ढगांनी भरलेले असते आणि पाऊस थांबल्यावर मिळणारा स्वच्छ उजेड दुसऱ्या कोणत्याही ऋतूत मिळत नाही. अडचण जमिनीची असते: माराचा बराच भाग आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारख्या काळ्या मातीचा आहे आणि तिच्यात गाडी रुतली की दुसरी गाडी ओढायला येईपर्यंत सकाळ निघून जाते.

मारा नदी ओलांडणारे कळप नक्की पाहायला मिळतील का?

नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्या आयोजकावर विश्वास ठेवू नये. कळप काठावर तासन्‌तास जमत राहतो. मागून येणाऱ्यांचा रेटा वाढत जातो, धूळ उडते, पुढचे एखादे जनावर उतारावरून खाली येऊन पाण्याला तोंड लावते, दोन पावले आत टाकते आणि एखादा झेब्रा दचकला एवढ्या कारणावरून सगळा कळप वळून वर पळून जातो. असे चार-पाच वेळा होऊन दिवस मावळल्याचेही अनेकांनी पाहिले आहे. पण एकदा पहिले जनावर पोहू लागले की मागचे सगळे उड्या घेतात आणि पुढची दहा-वीस मिनिटे श्वास घ्यायलाही फुरसत मिळत नाही.

अशा वेळी गाडी काठापासून दूर, झाडीआड उभी ठेवणे हाच नियम आहे आणि तेच शहाणपण आहे. कळप उतरण्याआधीच गाड्यांनी काठ अडवला तर जनावरे बिचकून माघारी फिरतात किंवा उतार सोडून उभ्या कड्यावरून उड्या टाकतात आणि त्यात पाय मोडून मरतात. वाट पाहताना समोरचा काठ नीट पाहून ठेवावा: जनावरे कुठून वर चढतील, उजेड कोणत्या बाजूने येतो, मगरी कुठे पडल्या आहेत. पूर्ण कळपाचे चित्र घ्यायला ७०-२०० लेन्स आणि उडी घेणाऱ्या एकट्या जनावरासाठी ४०० मिलिमीटर, असे दोन कॅमेरे हाताशी असल्यास उत्तम.

गाडी कशी असावी आणि तिच्यात किती जण असावेत?

हा प्रश्न लेन्सच्या प्रश्नाआधी विचारायला हवा, पण फार थोडे जण विचारतात. छत वर उचलले जाणारी किंवा बाजू मोकळ्या असणारी फोर-व्हील ड्राइव्ह लँड क्रूझर घ्यावी आणि तिच्यात छायाचित्रकार तीनच, फार तर चार असावेत. प्रत्येकाला दोन्ही बाजूंच्या खिडक्या मिळायला हव्यात. सहा-सात जणांच्या गाडीत सिंह डावीकडे असला की उजवीकडच्यांना दुसऱ्याच्या डोक्यावरून फोटो काढावा लागतो आणि एकाने पाय हलवला तरी सगळ्यांचे फोटो हलतात.

वरच्या छतातून काढलेल्या फोटोत प्राण्याकडे खाली पाहिल्यासारखे वाटते. शक्य तेव्हा खाली बसून खिडकीतून, प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून फोटो घ्यावा. पार्श्वभूमी दूर जाते आणि गवत धूसर होऊन चित्रात खोली येते. म्हणूनच काच पूर्ण खाली जाते का, हे आरक्षणापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

चालक हाच तुमचा गाईड असतो. पहिल्याच दिवशी त्याला शांतपणे सांगावे की ‘बिग फाइव्ह’ म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, म्हैस आणि गेंडा ही यादी पूर्ण करण्याची घाई नाही, एका जागी दोन तास थांबायची तयारी आहे आणि सूर्य पाठीशी किंवा मुद्दाम समोर हवा आहे. बहुतेक गाईडना हे ऐकून आनंदच होतो, कारण रेडिओवर निरोप आला की धावत सुटणाऱ्या पर्यटकांचीच त्यांना सवय असते.

कोणती लेन्स न्यावी?

१००-४०० किंवा २००-६०० यांपैकी एक झूम आणि एक २४-१०५ एवढ्यावर पूर्ण सहल चांगली पार पडते. भारतातील जंगलांत कमी उजेडामुळे ४०० एफ २.८ सारख्या जड प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सचे महत्त्व आहे. येथे उजेड भरपूर असतो आणि प्राणी अनेकदा इतके जवळ येतात की ६०० मिलिमीटरमध्ये हत्तीचा केवळ डोळा मावतो. पक्ष्यांची आवड असल्यास मात्र लांब लेन्स हवीच: मुकुटधारी क्रौंच, सेक्रेटरी पक्षी आणि जांभळ्या छातीचा नीलपंख सोडून येण्यासारखे नाहीत. महाग लेन्स विकत घेण्यापेक्षा पुण्या-मुंबईत ती भाड्याने घेऊन जाण्याआधी आठवडाभर घारींवर हात बसवावा.

रुंद कोनाच्या लेन्सकडे दुर्लक्ष होते, याचे आम्हाला नेहमी वाईट वाटते. आभाळभर ढग, खाली सपाट माळ आणि मध्ये एकटे बाभळीचे झाड किंवा जिराफ, हे या भूमीचे खरे रूप आहे आणि ते ६०० मिलिमीटरमध्ये येत नाही.

उजेडाचे काय वेगळेपण आहे?

मारा विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. वर्षभर सूर्य साधारण साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि तसाच मावळतो. तो जवळजवळ सरळ वर चढत असल्यामुळे सोनेरी उजेड जेमतेम तासभर टिकतो आणि नऊ वाजेपर्यंत सावल्या कडक होतात. त्यामुळे पहाटे चहा घेऊन उजाडण्यापूर्वीच निघावे आणि न्याहारी डब्यात घेऊन गाडीतच करावी.

दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि शंभर मीटरवरचा सिंहही मऊ, अस्पष्ट येतो. तो दोष लेन्सचा नसतो आणि कोणत्याही सेटिंगने जात नाही. अंतर कमी करणे किंवा थांबणे हेच दोन उपाय आहेत.

धावणाऱ्या चित्त्यासाठी १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवावे आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता) वाढवायला कचरू नये. ढगाळ संध्याकाळी उलट करून पाहावे: १/३० सेकंदावर धावणाऱ्या झेब्र्यांसोबत कॅमेरा फिरवावा. बहुतेक फोटो वाया जातील, पण जो जमेल त्यात कळपाचा वेग दिसेल. काळ्या म्हशीच्या पाठीवर पांढरा बगळा बसलेला असेल तर एक्स्पोजर बगळ्याच्या पिसांना धरून ठरवावे. म्हशीच्या अंगातला तपशील नंतर उजळता येतो, जळालेली पिसे मात्र परत आणता येत नाहीत.

ट्रायपॉड न्यावा का? धूळ आणि चार्जिंग यांचे काय?

गाडीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते. रिकामी बीनबॅग सोबत न्यावी आणि तेथे पोहोचल्यावर तांदळाने किंवा राजम्याने भरावी. खिडकीच्या कडेवर ठेवली की जड लेन्सही स्थिर बसते. परतताना ते धान्य कॅम्पच्या स्वयंपाकघरात देऊन टाकावे. गाईडला इंजिन बंद करायला सांगावे, कारण त्याचा कंप लेन्सपर्यंत पोहोचतो.

धूळ हा सर्वांत मोठा शत्रू आहे, विशेषतः अंबोसेलीत. चालू गाडीत लेन्स बदलू नये. म्हणूनच कॅमेऱ्याच्या दोन बॉडी न्याव्यात, त्यातली एक जुनी असली तरी चालेल. प्रवासात कॅमेऱ्यावर जुनी उशीची खोळ किंवा पंचा टाकावा. केनिया आणि टांझानिया या दोन्ही देशांत तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा सॉकेट असतो. आपली गोल पिन त्यात बसत नाही, तेव्हा अडॅप्टर न्यावा. अनेक कॅम्पमध्ये वीज ठरावीक तासच असते, म्हणून किमान तीन बॅटऱ्या असाव्यात. रोज रात्री फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून त्या दोन वेगळ्या बॅगांत ठेवाव्यात.

गाडी रस्ता सोडून प्राण्यांजवळ नेता येते का? रात्रीची सफारी, ड्रोन?

मारा राखीव क्षेत्रात गाडी वाट सोडून नेण्यास मनाई आहे आणि दंड होतो. रात्रीची सफारीही तेथे चालत नाही. राखीव क्षेत्राला लागून मसाई जमीनमालकांकडून भाडेपट्ट्याने घेतलेली नाबोईशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ अशी खासगी संवर्धन क्षेत्रे आहेत. तेथे मर्यादित प्रमाणात वाट सोडण्यास आणि रात्री फिरण्यास परवानगी असते, शिवाय गाड्यांची संख्याही कमी असते. खर्च जास्त येतो, तरी मुक्कामातल्या दोन-तीन रात्री अशा ठिकाणी घालवाव्यात असे आम्ही सुचवू. भाड्याची रक्कम थेट मसाई कुटुंबांना मिळते आणि त्यामुळेच ती जमीन शेती आणि कुंपणांपासून मोकळी राहिली आहे.

ड्रोन घरीच ठेवावा. परवान्याशिवाय तो उद्यानात वापरता येत नाही आणि विमानतळावर जप्तही होऊ शकतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. आपल्याकडे कपडे-चपला कॅरीबॅगेत गुंडाळायची सवय असते, ती सोडून कापडी पिशव्या वापराव्यात.

आपल्या गाड्यांमुळे प्राण्यांना त्रास होतो का?

होतो, आणि छायाचित्रकारांनी हे सर्वांत आधी मान्य करायला हवे. चित्ता दिवसा शिकार करतो. त्याच्यापेक्षा ताकदवान सिंह आणि तरस आसपास असतातच. गाड्यांच्या घोळक्याकडे पाहून तरस नेमके तेथे पोहोचतात, गाडी मध्ये आल्याने हरीण सावध होते आणि पिल्ले आईपासून तुटतात. मारात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात चित्त्याच्या माद्यांनी एका विणीत सरासरी ०.२ पिल्ले वाढवली, तर कमी वर्दळीच्या भागात २.३. हा फरक दहा पटींहून अधिक आहे.

मारा ट्रँगल या पश्चिम भागात एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, इतर गाड्या मागे वाट पाहत असल्यास प्रत्येकीला दहा मिनिटे आणि किमान पंचवीस मीटर अंतर, असा नियम आहे. तो इतरत्रही स्वतःहून पाळावा. मादी उंचवट्यावर बसून एकाच दिशेने टक लावून पाहत असेल तर ती शिकारीच्या तयारीत आहे. अशा वेळी गाडी तिच्या आणि सावजाच्या मध्ये कधीही नेऊ नये. मागे राहून पाहिले तर पूर्ण पाठलाग दिसतो आणि फोटोही त्याचाच चांगला येतो. जवळ जाण्याचा आग्रह गाईडकडे धरू नये. नियम मोडल्यावर कारवाई त्याच्यावर होते आणि पर्यटक नाराज होऊ नये म्हणून तो अनेकदा नाही म्हणू शकत नाही. बक्षिसीच्या आशेने त्याला भरीस पाडणे हा अन्यायच आहे.

अंबोसेलीला वेगळे दिवस का द्यावेत?

हत्तींसाठी. हे उद्यान केवळ ३९२ चौरस किलोमीटरचे आहे. येथील हत्तींच्या कुटुंबांचा अभ्यास १९७२ पासून सलग चालू आहे आणि संशोधक एकेका हत्तीला नावाने ओळखतात. मोठ्या सुळ्यांचे नर अजूनही दिसतात, अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे. किलिमांजारोकडून जमिनीखालून येणाऱ्या पाण्यावर येथील दलदली बारमाही राहतात. सकाळी हत्ती तिकडे येतात आणि संध्याकाळी कोरड्या तळ्याचा पांढुरका पट्टा ओलांडून परत जातात. त्या वाटेवर आधीच जाऊन थांबले तर रांगेने चालणारे कुटुंब, पायांखालची धूळ आणि मागे ५,८९५ मीटरचा पर्वत, असे चित्र मिळू शकते. पर्वत टांझानियात आहे, पण त्याचे हे रूप केनियातून दिसते. तो बहुधा पहाटे आणि सूर्यास्ताच्या आसपासच ढगांतून बाहेर येतो, म्हणूनच तीन रात्री हव्यात.

गेंडे कुठे दिसतात?

केनियातील नाकुरू सरोवराचे उद्यान चारही बाजूंनी कुंपणाने बंदिस्त असून तेथे काळे आणि पांढरे दोन्ही गेंडे आहेत. त्या सरोवराची रोहित पक्ष्यांची गुलाबी किनार मात्र पाण्याची पातळी वाढल्यापासून पूर्वीसारखी राहिलेली नाही, तेव्हा त्यासाठी मुद्दाम जाऊ नये. केनियातील ओल पेजेता या संवर्धन क्षेत्रात उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्यांच्या उपजातीतील शेवटच्या दोन माद्या, नाजिन आणि फातू, पहाऱ्यात राहतात. शेवटचा नर सुदान २०१८ मध्ये मरण पावला. न्गोरोंगोरोच्या विवरात काळे गेंडे आहेत, पण ते बहुधा दुरूनच दिसतात.

गेंड्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी त्यातील जीपीएस नोंद काढून टाकावी आणि नेमकी जागा लिहू नये. शिकाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.

मसाई लोकांचे फोटो काढले तर चालतील का?

आधी विचारून, आणि नकार मिळाल्यास कॅमेरा खाली ठेवून. पैसे मागितले जातात. ते गाईडमार्फत आधी ठरवावेत. चालत्या गाडीतून मुलांचे आणि गुराख्यांचे फोटो घेऊ नयेत.

कपडे, जेवण आणि प्रकृती यांविषयी काय काळजी घ्यावी?

मारा समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे आणि न्गोरोंगोरोच्या कड्यावरची उंची सुमारे २,३०० मीटर आहे. पहाटे जाड जॅकेट आणि कानटोपी लागते. गडद निळा आणि काळा रंग त्सेत्से माश्यांना आकर्षित करतो, म्हणून खाकी किंवा मातकट कपडे घ्यावेत. भारतातील वन्यजीव छायाचित्रकारांच्या आवडीचे लष्करी छापाचे कपडे मात्र पूर्णपणे टाळावेत. नागरिकांनी ते घातल्यास पोलिसांशी गाठ पडू शकते. शाकाहारी जेवणाची अडचण नसते. चपाती आणि समोसा हे केनियातील रोजच्या खाण्यातलेच पदार्थ आहेत. कंबरदुखी असलेल्यांनी रस्त्यांचा विचार करावा आणि शक्य असल्यास नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जावे. त्या विमानात कॅमेऱ्यासह एकूण पंधरा किलो सामान आणि तेही मऊ बॅगेत, एवढीच मुभा असते. वजन जास्त असेल तर जादा आसन आधी आरक्षित करता येते.

खर्चात कोणता भाग मोठा असतो?

मुक्काम, गाडी आणि प्रवेश शुल्क. २०२४ पासून मारात परदेशी प्रौढ पर्यटकासाठी जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असे दररोजचे शुल्क लागू झाले. हंगामातील सहल महाग होण्याचे ते एक मोठे कारण आहे. शुल्क बदलत असते, म्हणून आयोजकाच्या दरात ते धरले आहे की नाही हे लेखी घ्यावे.

कोणती कागदपत्रे लागतात?

केनियासाठी प्रवासापूर्वी ऑनलाइन ईटीए (इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी) आणि टांझानियासाठी ई-व्हिसा काढावा लागतो. पूर्व आफ्रिकेचा सामायिक पर्यटक व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडासाठी आहे. त्यात टांझानिया येत नाही.

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण पिवळे प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरले जाते. मुंबईतील केंद्रांवर गर्दी असते, तेव्हा महिनाभर आधी वेळ घ्यावी. प्रमाणपत्राशिवाय परतल्यास भारतीय विमानतळावरून थेट विलगीकरणात सहा दिवसांपर्यंत ठेवले जाऊ शकते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.

महागडी उपकरणे नेत असाल तर निघताना मुंबई विमानतळावरील सीमाशुल्क कक्षात कॅमेरा आणि लेन्सचे अनुक्रमांक दाखवून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना त्यांच्यावर शुल्काची मागणी होत नाही. त्यासाठी नेहमीपेक्षा तासभर लवकर पोहोचावे आणि खरेदीच्या पावत्यांच्या प्रती सोबत ठेवाव्यात. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्यात.